दोन पानांचा पेपर आणि एच-इंडेक्स

परवा भाची आली होती. तिला इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी करायचीये, गाइड शोधतेय. सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईलवर एकेका सरांचे आकडे वाचून दाखवत होती, ह्यांचा एच-इंडेक्स एवढा, ह्यांची सायटेशन्स (म्हणजे त्यांच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला) तेवढी, जणू आयपीएलचा लिलावच चाललाय. म्हटलं, थांब जरा, तू ज्या केईएम हॉस्पिटलमध्ये चकरा मारतेयस ना, तिथल्याच एका डॉक्टरला ह्या फूटपट्टीने मोजून बघू.

आधी फूटपट्टी आली कुठून ते. अमेरिकेत युजीन गारफिल्ड नावाचा माणूस होता, त्याने १९५५ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात लिहिलं की वकील लोक जुन्या निकालाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला हे यादीत शोधतात, तशी यादी संशोधनाचीही करूया. १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला, बारीक टायपातले जाडजूड ग्रंथ. मूळ हेतू पेपर शोधायला सोपं जावं एवढाच, माणसं मोजणं नंतर सुरू झालं. मग २००५ मध्ये होर्हे हर्श ह्या फिजिक्सवाल्याने एच-इंडेक्स काढला: तुमच्या २० पेपरांना प्रत्येकी निदान २० वेळा कोणीतरी आधार म्हणून घेतलं असेल तर तुमचा एच २०. आता गंमत बघा, एकच पेपर लिहिला आणि तो हजार वेळा सायट झाला तरी एच येतो १!

तर तो डॉक्टर म्हणजे वाय. एम. भेंडे. परळला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये पॅथॉलॉजीत होते. तिथे अशी काही माणसं सापडली की ज्यांच्या रक्तावर स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ग्रुप ओळखणारी द्रव्यं) टाका, गुठळी होतच नाही, म्हणजे सरळसरळ 'ओ' वाटतं, पण त्यांचं सीरम (रक्तातला पातळ भाग) ओ ग्रुपच्या पेशींमध्ये मिसळलं की ह्या पेशींच्याच गुठळ्या! ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त असं शिकलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल. कारण असं की ए आणि बी ज्याच्यावर चढतात तो लाल पेशींवरचा एच नावाचा पायाच ह्या लोकांकडे नसतो (हा एच वेगळा, एच-इंडेक्सचा नव्हे). ह्यालाच पुढे 'बॉम्बे' ग्रुप म्हणू लागले. आपल्या ओ ग्रुपवाल्यांकडे एच भरपूर असतो, ह्यांच्या शरीराला तो परका, म्हणून सीरममध्ये एचवर हल्ला करणारं अँटी-एच तयार. ओची बाटली चढवली तर जिवावर बेतू शकतं.

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. दोन पानं. लेखक सात: मुंबईचे भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. पहिलं नाव भेंड्यांचं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण लंडनची ती नावं त्या काळात रक्तगटाच्या क्षेत्रात वजनदार होती. मॉर्गन-वॉटकिन्स तर रक्तगटांच्या रसायनशास्त्रावरच काम करत होते, आणि एच आधी मग त्यावर ए-बी, ही पायऱ्यांची मांडणी पक्की व्हायला परळचं हे रक्त फार उपयोगी पडलं. एच बनवणारा जीन हातात यायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. त्याचं नाव एफयूटी-१, आणि भारतातल्या बऱ्याच बॉम्बेवाल्यांमध्ये त्याच्या ७२५ व्या जागी एका अक्षराचा फरक सापडतो. बस, एवढ्यावर सगळं अडतं.

इकडे मुंबईत १९५७ मध्ये आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं) ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, तेच पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची, राष्ट्रीय संस्था झालं, केईएमच्याच आवारात. सात लेखकांमधले भाटिया त्याचे डायरेक्टर झाले. एका पेपरच्या नादाने आख्खी संस्था असं म्हणणं जास्त होईल, पण धागा तोच. आता हा धागा कुठल्या सायटेशन टेबलात दिसणार?

आणि खरी मेख पुढेच आहे. ह्या ग्रुपला जगभर 'बॉम्बे' म्हणतात. जेनेटिक्सच्या पुस्तकात एक जीन दुसऱ्याला कसा झाकतो ह्याचं उदाहरण म्हणून 'बॉम्बे फिनोटाइप' (फिनोटाइप म्हणजे बाहेर दिसणारा गुण) हमखास असतो, पण खाली भेंड्यांचा संदर्भ द्यायची गरज कोणाला वाटत नाही. नाव इतकं रुळलं की पेपर गळून पडला. रॉबर्ट मर्टन ह्या समाजशास्त्रज्ञाने हा प्रकार फार आधी हेरून ठेवलाय: कल्पना सगळ्यांच्या अंगवळणी पडली की मूळ लेखकाचं नावच पुसलं जातं. म्हणजे काम खूप मोठं झालं की आकडा उलट थांबतो, आणि मधल्यामध्ये रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, लिहिणाऱ्यांची चांदी.

भाची म्हणाली, मामा, पण मला फेलोशिपच्या फॉर्मवर आकडेच भरायचेत ना. बरोबर आहे तिचं. फॉर्मचं तसंच असतं, आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराच्या फॉर्मवरसुद्धा आठच चौकोन आहेत, ए पॉझिटिव्हपासून ओ निगेटिव्हपर्यंत. बॉम्बेचा नाही, आणि शिबिर भरतं परळला.