जलसंजीवनीच्या पुडीतले मोल

जुलाबांमुळे शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले की दिल्या जाणाऱ्या ओआरएसच्या, म्हणजेच जलसंजीवनीच्या, एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये पुरस्कारलेल्या या प्रमाणात काही मेळ आहे, असे ग्रॅमचे आकडे पाहून मुळीच वाटत नाही. तो मेळ पाहायचा असेल तर मोलर संहती, म्हणजे लिटरभर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत ते, काढावी लागते, कारण आतड्यात पाणी कोणत्या दिशेने जाईल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, त्यांच्या वजनावर नव्हे.

रीत सोपी आहे. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, आणि एक मोल पदार्थाचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान. सोडिअमचे २२.९९ आणि क्लोरीनचे ३५.४५ मिळून मिठाचे ५८.४४ होते. २.६ ला ५८.४४ ने भागले की ०.०४४५ मोल मिळतात, आणि द्रावण एक लिटर असल्यामुळे संहतीही ०.०४४५ मोल प्रति लिटर, म्हणजे ४४.५ मिलिमोल प्रति लिटर, इतकीच येते.

मात्र पाण्यात मीठ मीठ म्हणून राहत नाही. त्याचे सोडिअम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात. शिवाय सोडिअम हे सायट्रेटमधूनही येते, आणि इथे विद्यार्थी हमखास फसतात. पुडीतल्या सायट्रेटच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात, त्यामुळे त्याचे मोलर वस्तुमान २५८.०७ नव्हे, तर २९४.१० धरावे लागते. २.९ ग्रॅमचे मग ९.९ मिलिमोल होतात; पाणी विसरले तर उत्तर ११.२ येते. सायट्रेटच्या प्रत्येक मोलामागे सोडिअमचे तीन मोल असल्याने ही चूक सोडिअमपर्यंत पोचताना तिप्पट होते. योग्य हिशेबाने सायट्रेटकडून २९.६ आणि मिठाकडून ४४.५ मिळून सोडिअम ७४ च्या थोडे वर जाते. प्रमाणित तक्त्यात ते ७५ असे दिलेले असते.

आता ग्लुकोज पाहू. १३.५ भागिले १८०.१६ म्हणजे जवळजवळ ७५ मिलिमोल! लहान आतड्याच्या पेशींवरचे एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडिअम यांना एकत्रच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणून ग्लुकोज निदान सोडिअमइतके तरी असावे, हे या मिश्रणाचे सूत्र आहे. ग्रॅममध्ये ते औषधालाही दिसत नाही.

पोटॅशिअमचे २०, क्लोराइडचे ६५ आणि सायट्रेटचे १० धरले की सगळ्या कणांची बेरीज लिटरमागे २४५ मिलिमोल होते. पूर्वीच्या मिश्रणात मीठ ३.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम असे, तेव्हा ही बेरीज ३११ होती. रक्तद्रवात हे प्रमाण साधारण २७५ ते २९५ असते. वरवर पाहता नव्या पुडीत मीठ आणि साखर थोडी कमी केली एवढेच दिसते, पण त्यामुळे द्रावण रक्तापेक्षा दाट होते ते पातळ झाले आणि पाणी शोषले जाणे सुकर झाले.

या हिशेबात भाजक असतो तो द्रावणाच्या घनफळाचा, नुसत्या पाण्याच्या नव्हे. प्रयोगशाळेत म्हणूनच पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवतात आणि मग मानेवर खूण असलेल्या चंबूत त्या खुणेपर्यंत पाणी भरतात. घरी लिटरभर पाण्यात पुडी टाकली तर घनफळ सुमारे एक टक्क्याने वाढते, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते लिटरची पुडी अर्ध्या लिटरात कालवली तर: सोडिअम १५० वर आणि एकूण कण ४९० वर जातात, आणि शरीराला पाणी मिळण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाऊ लागते. बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा पुडी फोडण्याआधी तिच्यावर छापलेला पाण्याचा आकडा पाहावा आणि पाणी तेवढेच मोजून घ्यावे.