जुनं दुखणं, नवं दुखणं आणि गुडघ्याखालची ती उशी

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलेल्यांत एक तरी जण पाच मिनिटांत विचारतोच, "मग, आता थांबलं ना दुखायचं?" समोरच्याने "दुखतंय अजून" म्हटलं की लगेच चेहरा पडतो. "अरेरे, म्हणजे एवढं करून उपयोग नाहीच झाला!" हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. दहा वर्षं जे दुखत होतं ते वेगळं आणि ऑपरेशननंतर जे दुखतंय ते वेगळं. जागा तीच, एवढंच काय ते साम्य.

नवं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे: कापलं, शिवलं, सुजलं, हळूहळू भरलं. इथे हाडही कापलेलं असतं, म्हणून जरा जास्त दुखतं आणि पहिले काही आठवडे रात्री झोपू देत नाही. सूज आणि ऊब काही महिने राहते. काळंनिळं रक्त घोट्यापर्यंत उतरतं आणि बघणाऱ्याला घाम फोडतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी कातडी बधिर राहते, कारण तिथली बारीक नस कापली जाते. यातलं काहीच अघटित नाही. (आणि 'वाटी बदलली' म्हणणाऱ्यांनो, बदलतात ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग. वाटी पुष्कळदा आपलीच असते. पण हा वाद मी सोडून दिला आहे.)

जुन्या दुखण्याची जातच निराळी. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात, आणि आपल्या ओळखीतल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं काढलेलं असतं. इतकी वर्षं दुखण्याचे निरोप वाहून नसा, मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात. चोरासाठी पाळलेलं कुत्रं दूधवाल्यावरही भुंकायला लागावं, तसं. घासलेला सांधा काढून टाकला तरी हा हळवेपणा त्याच दिवशी जात नाही. त्यामुळे दोघांचं ऑपरेशन अगदी सारखं झालं तरी ज्याने जास्त वर्षं सोसलं, ज्याचं अंग इतर ठिकाणीही दुखायचं, त्याला नंतरही जास्त दुखण्याची शक्यता असते. याला 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्याला मी पुन्हा चहा विचारत नाही.

ही झाली माहिती. लोक अडखळतात ते पुढे: दुखलं की करायचं काय?

जुन्या दुखण्याने ऑपरेशन झालेल्या आपल्या मित्राला एकच शिकवलेलं असतं, दुखलं की थांब. जिना टाळायचा, लग्नात कडेची खुर्ची पकडायची, सहलीला 'तुम्ही जा' म्हणायचं. संधिवातातही व्यायाम लागतोच, त्यामुळे ते तेव्हाही पूर्ण बरोबर नव्हतं, पण दिवस निभायचा. ऑपरेशननंतर हाच नियम घात करतो. आता दुखत असताना, ठरवून दिलेल्या मापात, हलायचं असतं. म्हणून तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा नीट सरळ आणि पुरेसा वाकता झाला नाही, तर आतला व्रण आवळत जातो आणि एखाद्याला पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो.

आणि इथेच ती उशी येते. मित्र कण्हतो, आपल्याला राहवत नाही, आपण गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतो. त्याला बरं वाटतं, आणि ते खरंही असतं. सुजलेला सांधा थोडा वाकलेला राहिला की आतल्या पाण्याचा दाब सर्वांत कमी होतो. पण तासन् तास, रात्रभर तसाच ठेवला तर तो पुरता सरळ होईनासा होतो. मग चाल लंगडी पडते, मांडीचे स्नायू लवकर थकतात. उशी हवीच असेल तर टाचेखाली, घोट्याखाली. गुडघा अधांतरी, आपल्या वजनाने सरळ होणारा. हे त्याला आवडणार नाही. त्याच्या मावशी तुम्हाला निर्दयी म्हणतील. म्हणू देत.

पण मापात म्हणजे किती? साधा अंदाज असा: व्यायामाने वाढलेलं दुखणं तासा-दोन तासांत पूर्ववत झालं, तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला आणि ताठ असेल, तर कालचा डोस जास्त झाला, आज कमी करा. पण बंद नको. 'गोळ्यांची सवय नको' म्हणत पेनकिलर लपवणारे लोक माझ्या डोक्यात जातात. पहिल्या आठवड्यांत, डॉक्टरांनी दिलेली गोळी फिजिओ यायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात असेल तरच व्यायाम होतो. दात-ओठ खात केलेल्या व्यायामाने हळव्या नसा आणखी हळव्या होतात. अशा काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून भेटीला सफरचंदांऐवजी पपई न्या.

दुसऱ्याचा गुडघा किती अंश वाकला ते सांगू नका. 'आमच्या काकूंचा पंधराव्या दिवशी 120 वाकला' हे ऐकून कुणाचा गुडघा वाकत नाही. आणि दर फोनला 'दुखतंय का' विचारू नका. लक्ष आधीच तिथे असतं. 'आज कुठपर्यंत चाललास' विचारा. त्याहून चांगलं म्हणजे दीड-दोन महिन्यांनी जा. तोवर डबे बंद झालेले असतात, भेटणारे आटलेले असतात, आणि 'अजून का दुखतंय' ही शंका नेमकी तेव्हाच खायला लागते. तेव्हा त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालवत न्या. जिना लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

बरं, दर पाचात सुमारे एक जण असा निघतोच की जो या ऑपरेशनवर नंतरही समाधानी नसतो. वर्ष झालं तरी दुखणं हटत नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका, पुन्हा सर्जनकडे न्या.

आणि काही वेळा जुनं की नवं हा विचारही करायचा नाही. पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, काल टेकणारा पाय आज अचानक टेकवेना, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, रात्रीचे 2 वाजलेले असले तरी.