अर्ध्या पुस्तकावर उभी राहिलेली ‘मेथड’

रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचं नाव कुठल्याही अभिनय शिबिरात पहिल्याच दिवशी निघतं, त्यामुळे त्यांचं १८९८ चं मॉस्को आर्ट थिएटर आणि चेखवची नाटकं यांबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांच्या शिकवणीतून अमेरिकेत घडलेल्या ‘मेथड’ या अभिनयपद्धतीवरून आजही होणाऱ्या वादाचं मूळ मात्र न्यूयॉर्कमध्ये आहे.

या थिएटरच्या १९२३-२४ च्या दौऱ्याने अमेरिकेतले नट भारावून गेले. मॉस्कोत तयार झालेल्या दोघांनी तिथे शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शिकवणीत भावस्मृतीला मोठं स्थान होतं : आयुष्यातला एखादा प्रसंग घ्यायचा, त्या खोलीतला वास, कपड्याचा स्पर्श, बाहेरचे आवाज एकेक करून आठवायचे, म्हणजे तेव्हाची भावनाही वर येते. १९३१ साली निघालेल्या एका नाट्यसंस्थेने तालमींचा पाया यावरच घातला. तोवर स्तानिस्लावस्की स्वतः पुढे गेले होते. पात्राला काय हवंय आणि त्यासाठी ते काय करतं, हे आधी पाहा, असं ते सांगू लागले होते. १९३४ मध्ये त्याच संस्थेतली एक अभिनेत्री पॅरिसला त्यांच्याकडे काही आठवडे शिकून आली. परतल्यावर तिने हे सांगितलं आणि संस्थेत जोरदार खडाजंगी झाली.

खरं नुकसान मात्र स्तानिस्लावस्कींच्या अभिनयावरच्या पुस्तकाचे दोन तुकडे केल्याने झालं. मन आणि शरीर यांचं काम एकत्रच वाचलं जावं, अशी त्यांची इच्छा होती. पण मनाविषयीचा भाग १९३६ मध्ये, तोही काटछाट करून, इंग्रजीत आला. आवाज, लय, हालचाली यांचा भाग यायला १९४९ उजाडलं. मधली तेरा वर्षं अर्ध्या पुस्तकालाच सगळे पूर्ण पद्धत समजत राहिले.

आणि त्या अर्ध्यातही कृती होतीच. पडद्याच्या चुण्यांत हरवलेली टाचणी शोधायला सांगितल्यावर एक विद्यार्थिनी रंगमंचभर धावते, डोकं धरते, आणि शोधायचंच विसरते. टाचणी सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल, असं कळल्यावर ती एकेक चुणी शांतपणे चाचपते. अभिनयाविषयी इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नटांसाठी एक स्टुडिओ सुरू झाला. भावस्मृतीचा आग्रह धरणारे एक शिक्षक पुढे त्याचे प्रमुख झाले आणि पन्नाशीच्या दशकात हॉलिवूडच्या क्लोजअपने या पद्धतीला जगभर नेलं. पुस्तकाचे दोन्ही भाग एकत्र असलेला नवा इंग्रजी अनुवाद निघाला तो थेट २००८ मध्ये.