खिशात दमडी नसलेला व्हिक्टोरियन कारखानदार

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज कारखानदार बहुधा कफल्लक मजुरांची पोरे होती आणि कोणाच्याही मदतीवाचून एकट्याच्या हिमतीवर मोठी झाली, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत असतो. अशी काही माणसे खरोखरच होऊन गेल्यामुळे तो सहज पटतो. मात्र बहुतेक कारखानदार व्यापारी, कारागीर, दुकानदार किंवा बऱ्यापैकी शेती असलेल्या घरांतून आलेले होते.

भांडवल कुठून येई, हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. 1855 पूर्वी मर्यादित दायित्वाची, म्हणजे बुडाली तरी मालकाचे नुकसान गुंतवलेल्या पैशापुरतेच राहील अशी, कंपनी काढणे सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर असल्याने धंदा भागीदारीत चाले, आणि बुडाल्यास घरदार विकावे लागणार म्हणून भागीदार सहसा भाऊ, मेहुणा किंवा सासरा असे. शिवाय 1870 आणि 1882 च्या कायद्यांपूर्वी, वेगळा करार नसेल तर, पत्नीची रोकड व जंगम मालमत्ता लग्न होताच पतीची होई. ‘स्वकष्टार्जित’ भांडवलात तिचा वाटा किती, हे चरित्रकार क्वचितच सांगतात.

पडताळणी अवघड नाही. इंग्लंड व वेल्समध्ये जुलै 1837 पासूनच्या विवाहनोंदीत वधू-वरांच्या वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो. तो कधीकधी फुगवूनही सांगितला जाई, म्हणून 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत तेच कुटुंब शोधावे. 1851 च्या नोंदीत मालकाकडे किती कामगार होते, हेही अनेकदा सापडते. वडिलांचे मृत्युपत्र 1858 पासून पुढे न्यायालयात सिद्ध झालेले असेल, तर अशा मृत्युपत्रांच्या वार्षिक सूचीत त्याची नोंद पाहता येते आणि तीत मालमत्तेचा अंदाजी आकडाही असतो.