बिग टेनचे दोन विजेते: एक गुणतक्त्यातला, एक इंडियानापोलिसमधला

मार्च 2025 मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभराच्या अंतराने दोन फोटो आले. पहिला ईस्ट लॅन्सिंगहून, आतेभावाच्या मुलाचा: हिरवा टी-शर्ट आणि खाली "बिग टेन आम्ही जिंकली!" दुसरा ॲन आर्बरहून, मावसबहिणीच्या मुलीचा: पिवळा-निळा मफलर आणि मजकूर अगदी तोच. साताऱ्याच्या काकांनी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "अरे, दोघंही जिंकलात, मग हरलं कोण?"

दोघंही खरंच बोलत होती. ईस्ट लॅन्सिंगच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने साखळी जिंकली होती, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाने बाद फेरी. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा कारभार कॉन्फरन्समध्ये वाटलेला आहे. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट; बिग टेन हा त्यातलाच एक. अशा प्रत्येक गटात एका हंगामात दोन विजेतेपदं असतात, आणि मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, बोलताना दोन्हींना लोक बिनदिक्कत 'चॅम्पियन' म्हणतात. दर ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाचे अंदाज येऊ लागतात, 'बिग टेनमध्ये पहिला अमुक, दुसरा तमुक' अशा याद्या फिरतात. त्या यादीतला 'पहिला' यातल्या कुठल्या विजेतेपदाबद्दल आहे हे ठाऊक नसेल, तर अंदाज कितीही बरोबर असला तरी आपण तो चुकीचाच वाचणार.

साखळीपासून सुरुवात करू. बिग टेनमध्ये आता 18 संघ आहेत. नावावर जाऊ नका, ते जुनं आहे. 2024 मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन हे पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आले आणि गट लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत पसरला. कॉन्फरन्समधले सामने प्रत्येकी 20. प्रतिस्पर्धी 17, त्यामुळे सगळ्यांशी दोन-दोनदा खेळणं शक्यच नाही: तिघांशी दोनदा, उरलेल्या चौदांशी एकदाच. डिसेंबरात एक-दोन सामने होतात, मग जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा नुसती रगड. कधी बर्फातल्या मिनेसोटात, तर कधी तीन टाइम झोन ओलांडून सिॲटलमध्ये. कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाला ताप भरतो, कुणी परीक्षेत अडकतो. वीस सामन्यांत हे सगळं एकदा तरी घडतंच, आणि त्यातूनही वर राहतो तो साखळीचा विजेता.

2025 मध्ये मिशिगन स्टेटने 20 पैकी 17 जिंकले. मागचे दोन संघ, मिशिगन आणि मेरीलँड, 14 वर थांबले. तीन सामन्यांची आघाडी म्हणजे वाद घालायला जागाच उरली नाही. प्रशिक्षक टॉम इझो यांचं हे बिग टेनचं अकरावं विजेतेपद. वरकडी म्हणजे ॲन आर्बरच्या शेजाऱ्यांना त्यांनी दोन्ही वेळा हरवलं: आधी त्यांच्या घरी 75-62, मग शेवटच्या दिवशी आपल्या घरी 79-62. आतेभावाच्या मुलाने हे दोन्ही आकडे ग्रुपवर किती वेळा टाकले ते मी मोजलेलं नाही.

आणि तरीही पुढच्या रविवारी इंडियानापोलिसमध्ये चषक उचलला तो मिशिगनने.

बाद फेरी हा वेगळाच खेळ आहे. सगळे संघ एका शहरात, एका तटस्थ कोर्टवर जमतात आणि हरला तो घरी. 2025 मध्ये 18 पैकी 15 संघांनाच इंडियानापोलिसचं बोलावणं होतं. साखळीतल्या पहिल्या चौघांना दोन फेऱ्यांची पुढे चाल मिळाली, म्हणजे ते थेट उपांत्यपूर्व फेरीत. मिशिगन त्या चौघांत होता, त्यामुळे त्यांना तीन दिवसांत तीन सामने जिंकायचे होते. शुक्रवारी पर्ड्यूला लोळवलं. शनिवारी मेरीलँडशी गाडी अगदी अडली होती. ट्रे डोनाल्डसनने शेवटच्या क्षणी चेंडू घेऊन कोर्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं आणि बास्केट टाकली, 81-80. रविवारी विस्कॉन्सिन, 59-53. मिशिगन स्टेट मात्र आदल्याच दिवशी त्याच विस्कॉन्सिनकडून तीन गुणांनी हरून बाहेर पडलं होतं. म्हणजे ज्यांनी दोनदा धूळ चारली होती त्यांच्याशी मिशिगनला तिसऱ्यांदा खेळावंच लागलं नाही. बाद फेरीत नशिबाचा वाटा असतो तो असा.

घोळ वाढवायला एक विधीही आहे. चषक मिळाला की कोर्टवर शिडी येते. एकेक खेळाडू वर चढतो, कात्रीने जाळीचा एक धागा कापतो, टोपीला खोचतो किंवा कानामागे अडकवतो. शेवटी प्रशिक्षक चढतात आणि उरलेली जाळी गळ्यात घालून खाली उतरतात. हे बाद फेरी जिंकल्यावर होतं, आणि साखळी जिंकल्यावरही अनेक ठिकाणी होतं. त्यामुळे फोटो पाहून काकांनाच काय, कुणालाही कळणार नाही की ही जाळी कुठल्या विजेतेपदाची.

मग खरा विजेता कोण? आपल्या आयपीएलच्या सवयीने आपण म्हणू, अंतिम सामना जिंकेल तो. गुणतक्त्यात पहिला आलेला संघ मे महिना संपेपर्यंत विसरला जातो. बिग टेनमध्ये नेमकं उलटं आहे: नुसतं 'बिग टेन चॅम्पियन' म्हटलं की अर्थ साखळीचा विजेता. दुसऱ्याला 'बिग टेन टूर्नामेंट चॅम्पियन' असं लांबलचक नाव घ्यावं लागतं. कारण इतिहासात आहे. इथे बाद फेरी सुरूच झाली 1998 मध्ये. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी साखळीच जिंकली नाहीतर हरली. पण शेजारच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत, बाद फेरी 1954 पासून आहे आणि तिथे नियमानेच टूर्नामेंटचा विजेता हा कॉन्फरन्सचा विजेता. एकच शब्द, दोन गटांत दोन अर्थ.

एसीसीच्या या नियमाची गंमत 2024 मध्ये दिसली. साखळी नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली, 20 पैकी 17. नॉर्थ कॅरोलायना स्टेट साखळीत 9 जिंकून 11 हरलं होतं, टूर्नामेंटमध्ये मानांकन दहावं. त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले: लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक, व्हर्जिनिया आणि शेवटी खुद्द नॉर्थ कॅरोलायना, 84-76. व्हर्जिनियाविरुद्ध तर मायकेल ओकॉनेलचा तीन गुणांचा फटका घड्याळ संपता संपता फळीवर आपटून आत गेला नसता, तर जादा वेळ मिळालाच नसता. तिथून ते थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या, म्हणजे देशभरातल्या कॉन्फरन्सचे संघ जिथे भिडतात त्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेले. कागदोपत्री त्या वर्षीचा एसीसी विजेता कोण? साखळीत 11 सामने हरलेला संघ.

हा नियम एके काळी फार क्रूर होता. राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा एका कॉन्फरन्सचा एकच संघ जायचा. 1974 च्या एसीसी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत 103-100 असं हरवलं. मेरीलँड देशातल्या पहिल्या चार-पाच संघांत गणलं जात होतं, पण राष्ट्रीय स्पर्धेचं दार त्यांना बंद. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, स्पर्धा 32 संघांची झाली आणि एका गटातून एकापेक्षा जास्त संघांना वाट मिळाली. आज आपण ज्याला 'निवड समितीचं तिकीट' म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

या तिकिटामुळेच मोठ्या कॉन्फरन्समध्ये बाद फेरीची किंमत घसरली. 2025 च्या राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ होते: 31 कॉन्फरन्स टूर्नामेंटचे विजेते, आणि 37 समितीने निवडलेले. मोठ्या गटांचे संघ त्या 37 मधून ढिगाने येतात. त्या वर्षी साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या 16 पैकी 14 संघ आत होते. म्हणून मिशिगनला चषक मिळाला तरी राष्ट्रीय स्पर्धेत मानांकन मिळालं पाचवं, आणि बिग टेनच्या उपांत्य फेरीत हरलेल्या मिशिगन स्टेटला दुसरं. समिती चार महिने बघते, चार दिवस नाही. पुढे दोघांनाही ऑबर्ननेच घरी पाठवलं, हा भाग ग्रुपवर दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे वगळला गेला.

छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र सगळं पालटतं. तिथून समिती सहसा कुणाला उचलत नाही. टूर्नामेंट जिंका, नाहीतर घरी बसा. 2024 मध्ये मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सची साखळी इंडियाना स्टेटने 17-3 अशी जिंकली. चष्मेवाला सेंटर रॉबी अविला तेव्हा देशभर लाडका झाला होता. सेंट लुईसमधल्या अंतिम सामन्यात ते ड्रेककडून 84-80 हरले. समितीच्या स्वतःच्या क्रमवारीत ते पहिल्या तिसांत होते, तरी 68 मध्ये नाव नाही. चार महिन्यांची मेहनत एका दुपारच्या चार गुणांत गेली. काही छोटे गट यावर तोडगा काढतात: पॅट्रिअट लीगमध्ये बाद फेरीचे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या कोर्टवर होतात, म्हणजे साखळीत राबल्याचं थोडं तरी व्याज मिळतं. मला हे पटतं. तटस्थ कोर्टवर रंगत जास्त असेल, पण डिसेंबरपासून रक्त आटवलेल्या संघाला इतकं तरी द्यावं.

आता ऑक्टोबरच्या यादीकडे परत येऊ. पत्रकार किंवा प्रशिक्षक मत देतात ते साखळीतल्या क्रमाबद्दल. तेव्हा बिग टेनची यादी हातात आली की आधी वेळापत्रक शोधा: दोनदा खेळायचे ते तीन संघ कोणते? एखाद्याच्या वाट्याला गटातले तीन तगडे संघ दोनदा आणि दुसऱ्याच्या वाट्याला तळातले तीन, तर एक-दोन सामन्यांचा फरक तिथेच पडतो, आणि साखळीत तेवढ्यावर विजेतेपद फिरतं. कधी कधी तर फिरतही नाही, वाटून घेतलं जातं. बरोबरी झाली तर मानांकनासाठी निकष लावतात, पण विजेतेपद दोघांचंही किंवा तिघांचंही. 2020 मध्ये मेरीलँड, मिशिगन स्टेट आणि विस्कॉन्सिन 14-6 वर तिघं संयुक्त विजेते होते, आणि बाद फेरी कोविडमुळे रद्द झाल्याने दुसरा विजेता झालाच नाही.

गेल्या वर्षीच्या गुणतक्त्यावर फार विसंबू नका. 2024 मध्ये मिशिगन सगळे मिळून 8 जिंकून 24 हरलं होतं. मग डस्टी मे प्रशिक्षक म्हणून आले, त्यांच्यामागे त्यांच्या जुन्या संघातून व्लादिस्लाव गोल्डिन आला, येलमधून डॅनी वुल्फ आला, दोघंही सात फुटी. वर्षभरात तळातून वर. खेळाडूंना विद्यापीठ बदलणं आता इतकं सोपं आहे की 'गतविजेता' या शब्दात कधी कधी नुसती जर्सी उरते.

छोट्या गटाच्या यादीत मात्र 'पहिला' या शब्दापेक्षा टूर्नामेंट कुठे आहे, पुढे चाल किती जणांना आहे, आणि सलग तीन-चार दिवस खेळायला बेंचवर किती माणसं आहेत हे जास्त बघावं. लागोपाठच्या तिसऱ्या दिवशी पाय जड झाले की लांबचे फटके आखूड पडू लागतात.

सातत्याचं उदाहरण हवं तर कॅन्सस घ्या. 2005 ते 2018 अशी सलग 14 वर्षं बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची साखळी त्यांच्याकडे होती. त्याच 14 वर्षांत टूर्नामेंट त्यांनी आठदा जिंकली.

आणि रात्र जागवणार असाल तर: बिग टेनचा अंतिम सामना भारतात सोमवारी पहाटे एकच्या सुमारास सुरू होतो, राष्ट्रीय स्पर्धेचे 68 संघ साडेतीनला जाहीर होतात. मध्ये वेळ इतका कमी असतो की तोवर समितीचा तक्ता जवळजवळ मांडून झालेला असतो. भाचीचा फोटो त्या दोन वेळांच्या मध्ये आला होता. काकांनी तो सकाळी सातला पाहिला.