रॅटलर की केलब? ओक्लाहोमाच्या २०२१ च्या वादामागची गोष्ट

ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या फॅन्समध्ये २०२१ साली क्वार्टरबॅकवरून, म्हणजे नेहमीचा स्पेन्सर रॅटलर की राखीव पोरगा केलब विल्यम्स यावरून, जे भांडण पेटलं ना, त्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे टीम हरत नव्हती. हरणाऱ्या टीमचा क्वार्टरबॅक बदला म्हणायला काय लागतं, कोणीही म्हणेल. पण इथे २५ सप्टेंबरला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या मॅचमध्ये स्वतःच्याच स्टेडियमवर स्वतःच्याच टीमचे लोक 'आम्हाला केलब हवा' म्हणून ओरडत होते, आणि ती मॅच सुद्धा शेवटी १६-१३ अशी जिंकलीच.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अटॅकचा जवळपास प्रत्येक प्ले क्वार्टरबॅकच्या हातात बॉल येऊन सुरू होतो, पास फेकायचा, शेजारच्या रनरला द्यायचा की स्वतःच पळायचं हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. कोच कधीही त्याला बाहेर काढू शकतो आणि परत आत पाठवू शकतो. पण जागा एकच, त्यामुळे टीममध्ये दोन चांगले असले की एकाला बसावंच लागतं.

आता स्पेन्सर रॅटलरवर एवढा राग का? तर ओक्लाहोमाच्या फॅन्सना सवयच तशी लागली होती. कोच लिंकन रायलीच्या हाताखाली बेकर मेफिल्डने २०१७ ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची) जिंकली, कायलर मरेने २०१८ ची, आणि २०१९ मध्ये जेलन हर्ट्स त्याच ट्रॉफीत दुसरा आला. तिघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले. रॅटलर मात्र थेट हायस्कूलमधून रायलीकडे आलेला, त्यामुळे हा तर सगळ्यांच्या वरचढ निघणार असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. २०२१ चा सीझन सुरू व्हायच्या आधी हाइजमनसाठी सगळ्यात जास्त नाव त्याचंच होतं. आणि मग टुलेनविरुद्ध ४०-३५, नेब्रास्काविरुद्ध २३-१६, अशा घासत घासत मॅचेस निघायला लागल्या.

रॅटलरच्या बाजूच्या लोकांकडेही पुरावा होता बरं का. २०२० मध्ये टेक्ससविरुद्धच रायलीने त्याला मधेच बसवलं होतं, नंतर परत आत घेतलं आणि चार ओव्हरटाइमनंतर तो ५३-४५ ने जिंकून आला. म्हणजे थोडा धीर धरा, पोरगं सावरतं, हे म्हणणं हवेतलं नव्हतं.

पण तोपर्यंत कॉलेज फुटबॉलमध्ये दोन मोठी उदाहरणं होऊन गेली होती आणि भांडणात कोणी ना कोणी ती काढणारच. पहिलं अलाबामाचं. ८ जानेवारी २०१८, अटलांटात नॅशनल चॅम्पियनशिप, हाफटाइमला जॉर्जिया १३-० ने पुढे, आणि अलाबामाचा कोच निक सेबनने दोन वर्षांत दोनच मॅचेस हरलेल्या जेलन हर्ट्सला बसवून तुआ टॅगोवाइलोआ या फ्रेशमनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोराला, उतरवलं. ओव्हरटाइममध्ये ४१ यार्डांचा टचडाउन पास (टचडाउन म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या टोकापर्यंत नेऊन मिळवलेले पॉइंट्स), २६-२३, ट्रॉफी अलाबामाची. हर्ट्स तरीही आणखी एक वर्ष तिथेच थांबला, आणि १ डिसेंबर २०१८ ला त्याच अटलांटात त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआ जखमी झाल्यावर आत येऊन त्याने मॅच जिंकून दिली! मला वाटतं त्या खेळातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक. त्यानंतर तो ओक्लाहोमाला गेला, आणि तिथे त्याच्या मागे बसलेला फ्रेशमन होता रॅटलर.

दुसरं उदाहरण क्लेमसनचं, आणि माझ्या मते खरा बदल इथून सुरू होतो. २०१८ मध्ये केली ब्रायंटने पहिल्या चार मॅचेस स्टार्ट केल्या, चारही जिंकल्या, तरी कोच डॅबो स्विनीने ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून खेळणारा, केलं. त्याच वर्षी नियम आला होता की चार मॅचपर्यंत खेळलात तर कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या ठरावीक वर्षांतलं ते वर्ष तुमच्या खात्यातून जात नाही. ब्रायंट चारच मॅचेस खेळलेला. त्याने त्याच आठवड्यात टीम सोडली आणि पुढच्या वर्षी मिझूरीकडून खेळला. त्या शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला, आता अनुभवी माणूस आहे कुठे, तर निघून गेलेला! चेस ब्राइस नावाच्या राखीव पोराने ९४ यार्डांचा ड्राइव्ह ओढून नेला म्हणून २७-२३ ने निभावलं, आणि क्लेमसन पुढे १५-० ने चॅम्पियन झालं. म्हणजे निर्णय बरोबर ठरला, पण एका मॅचपुरता जीव टांगणीला लागलाच ना.

२०१८ च्याच ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी) सुरू झालं, आणि २०२१ मध्ये पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसायची सक्ती गेली. आधी ज्याला बसवलं तो नाइलाजाने का होईना थांबायचा, आता त्याला थांबायचं कारणच उरलं नाही.

अशा वातावरणात ९ ऑक्टोबर २०२१ उजाडला, डॅलसचं कॉटन बोल स्टेडियम, समोर टेक्सस. पहिल्या क्वार्टरनंतर ओक्लाहोमा २८-७ ने मागे. चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली शेवटची; जमलं तर परत नवीन चार, म्हणजे फर्स्ट डाउन) एक यार्ड हवा होता म्हणून केलबला आत पाठवलं, आणि तो पठ्ठ्या ६६ यार्ड पळत थेट टचडाउन करून आला. त्यानंतर रॅटलरच्या हातून बॉल गेला, रायलीने बदल केला, आणि हाफटाइमला ३८-२० ने मागे असलेली टीम ५५-४८ ने जिंकली, शेवटचा टचडाउन तीन सेकंद उरलेले असताना. त्या दिवसानंतर पुढचा स्टार्टर कोण यावर वाद घालण्यात काही अर्थ नव्हता असं मला ठाम वाटतं. नंतर कॅन्ससविरुद्ध तर केलबने चौथ्या डाउनला अडकलेल्या स्वतःच्याच रनरच्या हातातून बॉल खेचून घेतला आणि फर्स्ट डाउन काढला, असलं धाडस शिकवून येत नाही.

तरी भांडण थांबलं नाही, कारण १३ नोव्हेंबरला बेलरविरुद्ध केलब अडखळला, रायलीने थोड्या वेळासाठी परत रॅटलरला उतरवलं, मॅच २७-१४ ने गेली आणि दोन्ही बाजू पुन्हा एकमेकांवर तुटून पडल्या. दोन आठवड्यांनी ओक्लाहोमा स्टेटविरुद्धही हरले आणि दुसऱ्याच दिवशी रायली स्वतःच यूएससीला निघून गेला. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला, तिथे २०२२ मध्ये टेनेसीविरुद्ध सहा टचडाउन पास टाकले. केलब रायलीच्या मागे यूएससीला गेला आणि २०२२ ची हाइजमन घेऊन बसला. २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (प्रोफेशनल टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे) केलब पहिल्या नंबरला शिकागोकडे, रॅटलर पाचव्या राउंडमध्ये न्यू ऑर्लिन्सकडे. ज्या दोघांवरून फॅन्स महिनोन्महिने भांडले त्यांच्यातला एकही २०२२ मध्ये ओक्लाहोमाच्या जर्सीत नव्हता, आणि टीमचा तो सीझन सहा विजय, सात पराभव असा संपला.