चंद्रा नायडूंनंतरची वाट

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्यांची लेक चंद्रा नायडू देशातल्या अगदी पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक होत्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1923 मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून सी. के. इंदूरला गेले आणि घर तिकडचंच झालं. चंद्राताई तिथल्या महाविद्यालयात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंदूरला मुंबई विरुद्ध इंग्लंडचा एमसीसी संघ असा सामना झाला, त्याचं समालोचन त्यांनी केलं. 2021 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. घरात क्रिकेट, भाषेवर पकड, मोठं आडनाव, सगळं असूनही त्यांच्यामागून बायकांची रांग काही लागली नाही. पुढची पंचवीसेक वर्षं क्रिकेटचं समालोचन म्हणजे पुरुषाचाच आवाज, असं आपण धरून चाललो.

मग 2003 च्या विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी टीव्हीवर आल्या. त्यांनी काय विचारलं यापेक्षा त्यांच्या ब्लाउजची चर्चा जास्त झाली. सामना घराघरांतल्या बायका बघतात, त्यांच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे, हे वाहिनीला कळलं होतं. खेळातलं बाईला कळतं, हे मानायला तेवढं पुरलं नाही. 2015 च्या आयपीएलमध्ये अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर समालोचन कक्षात बसल्या, तेव्हा कुठे चित्र बदललं. लिसा तर पुण्यात जन्मलेली, ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली.

या चौघीही आंतरराष्ट्रीय खेळाडू होत्या. बुद्धिबळाचं समालोचन करणाऱ्या तानिया सचदेवही पटावरूनच आल्या. म्हणजे बाईसाठी माइककडे जाणाऱ्या वाटा दोनच राहिल्या : देशासाठी खेळलेली असणं, किंवा पडद्यावरचा ओळखीचा चेहरा असणं. पुरुषांना तिसरी वाट कायम मोकळी होती. खेळ न खेळलेला, पण वर्षानुवर्षं मैदानावर बसून शिकलेला पत्रकार ही ती वाट. शारदा उग्रा 1989 पासून त्या वाटेने चालत आल्या आणि त्यांचं लिखाण देशातल्या उत्तम क्रीडा लेखनात गणलं जातं. पण अशी नावं आठवायला फार वेळ लागू नये इतकी ती थोडी आहेत, याचं मला वाईट वाटतं.

ही तिसरी वाट अमेरिकेत कोर्टातून उघडावी लागली. 1977 च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाच्या वार्ताहर मेलिसा लुट्की यांना खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊ दिलं नाही. सामना संपल्याबरोबरची प्रतिक्रिया तिथेच मिळते. पुरुष वार्ताहर ती घेऊन छापायला पाठवत आणि त्या बाहेर ताटकळत. 1978 मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी निकाल दिला : सामना झाला ते यँकी स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, तेव्हा तिथे स्त्री-पुरुष वार्ताहरांत भेद चालणार नाही. दार उघडलं, पण आत जाणाऱ्या मुली आपोआप तयार होत नाहीत. म्हणून 1987 मध्ये तिथल्या क्रीडा पत्रकार स्त्रियांनी आपली संघटना उभारली. विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती, मोठ्या वृत्तसंस्थांत पगारी उमेदवारी आणि जुन्या पत्रकार बाईंचा हात, हे तिचं मुख्य काम. मला निकालाइतकंच हे काम मोलाचं वाटतं.

नागपूरला या बाबतीत मागे राहायचं कारण नाही. 1952 मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठातले रोलंड वूल्सली फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर प्राध्यापक म्हणून इथे आले आणि हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. इतक्या आधी हे शिक्षण देशात फार थोड्या ठिकाणी होतं. खेळाचीही वाण नाही : विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकला, इथल्या मोना मेश्राम भारताकडून क्रिकेट खेळल्या, आणि 2025 च्या जुलैत दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. खेळणाऱ्या पोरी आहेत. त्यांच्याबद्दल जाणकारीने बोलणाऱ्या पोरी हव्यात.

अडचण साधी आणि रोजची आहे. जामठ्याचं स्टेडियम शहराबाहेर, वर्धा रोडवर. दिवस-रात्र सामना संपून पत्रकार परिषद आटोपेपर्यंत मध्यरात्र होते. परतीच्या गाडीची सोय नसली की ड्युटी मुलाकडे जाते, आणि पुढच्या वेळी अनुभव असलेला म्हणूनही तोच जातो. मुलीला शाळांच्या स्पर्धांचे निकाल टाइप करायला मिळतात. वृत्तपत्रांनी सामन्याच्या रात्री गाडी द्यावी आणि उमेदवारीचे पैसे द्यावेत. महाविद्यालयांनी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी-खोखोच्या लढतींना, खासदार क्रीडा महोत्सवातल्या सामन्यांना विद्यार्थिनींच्या हाती माइक द्यावा, तोही बक्षीस समारंभाच्या निवेदनासाठी नव्हे, तर चढाई कुठे फसली आणि खेळाडू का बाद झाली हे सांगण्यासाठी.